शकुनच्या दारापुढची जागा

शकुनला अकोल्यात दिली तेव्हा सोयरे म्हणाले, "शंभर किलोमीटर म्हणजे काय दूर हाय सुंदराबाई? सकाळची एसटी धरा, दुपारी लेकीच्या हातची भाकर खा." म्हणणाऱ्याचं काय जातं. तेव्हा माझे पाय धड होते, मीही मान हलवली.

मग विहिरीच्या काठावर पाय घसरला, कमरेचं हाड मोडलं, डॉक्टरनं आत सळई टाकली. तेव्हापासून चालते ते मोजून. घरातून गोठ्यापर्यंत अन् गोठ्यातून घरापर्यंत. एसटीची पहिली पायरी ज्यानं कोणी बनवली, त्याला म्हातारी माय नसावी. त्याच वर्षी तिकडे शकुनच्या सासूला लकवा मारला. एक बाजू गेली, बाई खाटेला लागली. जावई डाळमिलमध्ये, सकाळी आठला गेला की दिवे लागल्यावरच घरी. पोरगा शिकायला पुण्याला. शकुनला अर्धा दिवसही घर सोडता येईना. मला जाता येईना, तिला येता येईना. अशी तीन वर्षं गेली.

फोन होता. पण फोनवर शकुन हळू बोलायची. सासूची खाट त्याच खोलीत, अन् बाईचे कान मात्र दोन्ही चांगले. मी विचारायची, "कशी हाय तू?" ती म्हणायची, "बरी हाय माय." बस. सहावारी गोष्ट असायची अन् ती मला चिंधीएवढी सांगायची. बरी आहे हे ऐकून कोणत्या आईचं पोट भरलं?

आमच्या दारात गाडी होती, हे मात्र खरं. संत्र्याला बरे दिवस होते तेव्हा माझ्या योगेशनं एक जुनी व्हॅन घेतली, वलगावहून अमरावतीला माल न्यायला. मग पाणी खोल गेलं, झाडं उभ्या उभ्या वाळली, आम्ही ती तोडून जळतनाला दिली. त्या दोन-तीन वर्षांत गावातली जवान पोरं एकेक करून निघाली. आमचा योगेशही चाकणला कंपनीत गेला. मागे सून रूपाली, मी अन् ती व्हॅन. कोंबड्या तिच्या टपावर बसू लागल्या.

एक दिवस मी रूपालीला म्हटलं, "तू चालव ना हिले."

"मी?"

"नाही तर मी? माझ्या कमरेत लोखंड हाय, पण त्यानं गाडी चालत नाही."

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी मला न विचारता अमरावतीला क्लास लावून आली. एकवीस दिवस जात होती. गावात बायका म्हणाल्या, सुंदराबाईनं सुनेला डोक्यावर बसवलं. मी म्हटलं, डोक्यावर नाही, गाडीत बसवलं, तुम्हाले बसायचं असंन तर या.

दिवाळी झाल्यावर आम्ही दोघी निघालो. मी पहाटेच तुरीच्या हिरव्या शेंगा तोडून गाठोडं बांधलं. शकुनला त्या उकडून मिठासोबत लागतात, लहानपणापासून. बडनेरा गेलं, हायवे लागला. ट्रक बाजूनं गेला की रूपालीचे खांदे कानापर्यंत यायचे. पण गाडी नीट ठेवली तिनं, खोटं कशाला बोलू. मूर्तिजापूर आलं. तिचं माहेर तिथं, रस्त्यापासून चार घरं आत. तिनं एकदा मान वळवून पाहिलं अन् पुन्हा समोर पाहू लागली. ते मला दिसलं. मी म्हटलं, "चाल, उशीर होऊन राहिला."

अकोल्यात मोर्णा नदीचा पूल ओलांडला की जुनं शहर. तिथल्या गल्ल्या अशा की समोरून म्हैस आली तर माणसानं ओट्यावर चढावं. शकुनचं घर गल्लीच्या मधोमध. दाराशी दोन भिंतींच्या मध्ये एका गाडीपुरती जागा सुटलेली, मागे तिसरी भिंत. तोंडाशी उघडी नाली, तिच्यावर एक फरशी टाकलेली. पलीकडे वलीभाईचं दुकान. तो पत्र्याच्या पेट्या बनवतो, लग्नात देतात तशा, फुलांच्या.

रूपाली सरळ त्या जागेत घुसवायला निघाली. मी तिचा हात धरला.

"थांब. हे तर दक्षिणेकडे तोंड होते."

"मंग?"

"मंग काय मंग? आपल्या घरी बंडीचं जू दक्षिणेले करून कोनी सोडत नाही. तसं एकदाच करतात, अन् त्या दिवशी बंडीतला मानूस परत येत नाही. फिरव. उलटी घाल, तोंड इकडे राहू दे."

"आत्याबाई, ही बंडी नाही."

"चाकं हायेत ना?"

बिचारी फिरवू लागली. क्लासवाल्यानं तिला पुढे जायला शिकवलं होतं, उभं राहायला नाही. गाडी मागे गेली, पुढे आली, तिरपी झाली, पुन्हा मागे गेली. तोवर मागून शाळेची पोरं कोंबलेला ऑटो आला. त्याच्यामागे केळीचा हातगाडा. त्याच्यामागे कोण कोण. हॉर्न सुरू झाले. मी उतरले नव्हते, उतरायला मला वेळ लागतो, मी आतूनच सांगत होते, डावीकडे, उजवीकडे, अशी नाही, तशी. माझी डावी अन् तिची डावी एकच होती, तरी जमेना. मग खाडकन आवाज आला अन् मी एका बाजूला कलले. मागचं चाक फरशी चुकून नालीत गेलं होतं.

तेव्हा शकुन दारात आली. ओले हात, कपाळावर पदर सरकलेला. तिला माहीत नव्हतं मी येणार आहे. मी मुद्दामच सांगितलं नव्हतं, चेहरा पाहायचा होता. पाहिला. केस अर्धे पांढरे. माझ्या लेकीचे केस माझ्याआधी पिकले, अन् फोनवर ते दिसत नव्हते.

"माय?" ती खिडकीशी आली. काचेतून हात आत घातला अन् माझा दंड धरला. "माय, तू? कशी आली? उतर ना."

"उतरतो, थांब, आधी हे..."

मागून ऑटोवाला ओरडला, "ओ मावशी, भेटीगाठी बादमे. पोरांची घंटी होऊन राहिली."

वलीभाई अन् चार माणसं आली, व्हॅन उचलून फरशीवर ठेवली. मागचे लोक हातानं दाखवू लागले, निघा, निघा. रूपालीनं घाबरून गाडी पुढे घेतली. शकुनचा हात माझ्या दंडावरून सुटला. ती दोन पावलं गाडीसोबत चालली. मग घरातून सासूनं हाक मारली अन् ती थांबली.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला येऊन रूपालीनं गाडी उभी केली.

"मी पुन्हा नाही जात त्या गल्लीत."

"मंग मी पायी जातो."

"जा," ती म्हणाली. अन् रडू लागली.

तिथून शकुनचं दार दोनशे पावलं असेल, वर चढ, खाली उखडलेली फरशी. मी गाडीचं दार उघडलं, एक पाय खाली ठेवला, तो तसाच ठेवून थोडा वेळ बसले. मग वर घेतला.

शेंगांचं गाठोडं मागच्या सीटवरच राहिलं, ते बडनेऱ्याला ध्यानात आलं. शंभर किलोमीटर जाऊन मी लेकीचा एक हात पाहून आले. पाच मिनिटं झाली असतील. कदाचित तीन. घरी आल्यावर आम्ही दोघी आठ दिवस एकमेकींशी कामापुरतं बोललो. मी तिला बोलले, तुझ्या बापानं तुला फक्त पुढे पाहायला शिकवलं. ती म्हणाली, अन् तुम्ही फक्त दक्षिण पाहता. ती बोलते अशी. आधी नव्हती बोलत. गाडी शिकल्यापासून.

नवव्या दिवशी मी खळ्यात खाट टाकून बसले. म्हटलं, "आन ती गाडी."

शकुनच्या दारापुढची जागा माझ्या डोळ्यांत होती. दोन बाजूंना कडब्याच्या पेंढ्या रचायला लावल्या, मागे पाण्याचा रिकामा ड्रम, तोंडाशी नाली म्हणून चुन्याची रेघ अन् त्यावर फरशीएवढं जुनं पोतं. चाक पोत्याबाहेर गेलं की नालीत गेलं. पहिल्या दिवशी रूपालीनं सतरा वेळा चाक नालीत घातलं. ड्रम चेपला. शेजारचा सहदेव कुंपणावर हात ठेवून पाहत होता. तो म्हणाला, "काकू, हे काय चालू हाय?"

"तुह्या डोळ्याले काय दिसते?"

"बाई माणसाले रिव्हस नाही जमत, सांगून ठेवतो."

"तू लग्नात घोड्यावरून पडला होता, ते सांगू का सगळ्याले?"

तो गेला. रूपाली पहिल्यांदा हसली.

रोज संध्याकाळच्या आधी तासभर आम्ही तेच करायचो. मी खाटेवरून उठून काठी टेकत गाडीच्या मागे उभी राहायची अन् काठीनं दाखवायची, इकडे, तिकडे. ती चुकायची, मी बोलायची. एक दिवस तिनं गाडी एकदम थांबवली, बंद केली, खाली उतरून आली.

"आत्याबाई, तुमी इथं येऊन बसा."

"कुठं?"

"माझ्या जागी. बसा, मंग बोला."

मला हाताला धरून तिनं चालवायच्या खुर्चीत बसवलं अन् स्वतः गाडीच्या मागे, मी उभी राहायची त्याच जागी जाऊन उभी राहिली. "दिसतो का मी?"

मी आरशात पाहिलं. पेंढी दिसली. दुसऱ्या आरशात गोठ्याचा कोपरा. मधल्या आरशात ड्रमचा वरचा काठ. सून कुठंच नाही. आवाज येत होता, माणूस नव्हतं.

"रूपाली?"

"मी इथंच हाय."

"नाही दिसत."

"तुमी रोज इथंच उभ्या राहता. अन् मले तुमचा आवाज येते, तुमी नाही दिसत. मी पाय कुठं ठेवू, ब्रेकवर की तुमच्या कमरेवर?"

"खरं हाय तुहं," मी म्हटलं. माझ्या जन्मात असं दोनदा-तीनदा झालं असेल. त्या खुर्चीत बसल्यावर कळलं की गाडीला मागे डोळे नसतात, अन् जे दिसत नाही तिथंच एखादं लेकरू, एखादं करडू असू शकतं. त्या दिवसापासून मी बाजूला उभी राहू लागले, तिच्या आरशात माझं तोंड दिसेल अशी. अन् रूपालीनं एक सवय लावून घेतली. गाडीत बसायच्या आधी एकदा गाडीभोवती पूर्ण फिरायचं, खाली वाकून पाहायचं. मागे घ्यायची तर गोगलगायीसारखी. उभी केली की हात-ब्रेक ओढायचा, गिअर टाकायचा, दार उघडायच्या आधी मागून सायकल येत नाही ना ते पाहायचं. ती हे तोंडानं म्हणायची, पाढे म्हणावे तशी. मी दुसरीपर्यंत शिकले, पाढे मला दहापर्यंतच येतात, पण हे पाठ झाले.

पूस महिन्यात तिची चाकं पोत्यावरून उतरेनाशी झाली. माघाच्या सुरुवातीला मी म्हटलं, "निघू." उरलेल्या हिरव्या शेंगांचं गाठोडं या वेळी रूपालीनं गाडीत ठेवलं, अन् शकुनला मी फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "ये माय." पण फोन ठेवला नाही. मी तिचा श्वास ऐकत बसले.

मूर्तिजापूर जवळ आलं तसं मी म्हटलं, "डावीकडे घे."

रूपालीनं माझ्याकडे पाहिलं.

"समोर पाहा. तुझ्या बापाच्या दारात एकदा उभी कर. जमते का ते पाहू दे मले. अकोल्यात जाऊन इज्जत घालवू नको."

तिच्या बापाच्या दारात लिंबाखाली बकऱ्या बांधलेल्या. तिनं आधी उतरून पाहिलं, एक पिल्लू बाजूला केलं, मग गाडी उलटी घेऊन भिंतीला वीतभर सोडून उभी केली. एका झटक्यात. तिची माय पिठाच्या हातानं बाहेर आली अन् तशीच उभी राहिली. मी गाडीतून उतरले नाही. म्हटलं, "माझी कंबर दुखते, मी इथंच बरी. तू जा, चहा पी. पण पाणी तापायची वाट पाहत बसू नको." ती आत गेली. बाहेर आली तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. मी घड्याळाकडे पाहत नव्हते, असं नाही. पण हाक मारली नाही.

त्या अर्ध्या तासानं घोटाळा झाला. आम्ही जुन्या शहरात पोचलो तेव्हा सकाळची शाळा सुटली होती. गल्लीभर पोरं, पाठीवर दप्तरं, गाडीच्या पुढून, मागून, बाजूनं. शकुन दारात उभी होती. जागा रिकामी होती. वलीभाईनं आपल्या पेट्या आत ओढून फरशी मोकळी ठेवली होती.

"आत्याबाई," रूपाली म्हणाली, "मले उलटी घालता येते. तुमी पाहिलं. पण मागे पोरं हायेत अन् मले ते दिसत नाहीत. पाच-सहा तर पार चिकटून चालून राहिले."

मागून रिक्षाचा हॉर्न वाजला.

"पुढे जाऊन चक्कर मारू का? पोरं पांगले की येऊ."

पुढे गेलो की हात पुन्हा सुटणार. मी शकुनकडे पाहिलं. ती पायरी उतरून खाली आली होती. मग मी आरशात पाहिलं. एक मुंडकं दिसलं, लाल रिबिनीचं, अन् लगेच नाहीसं झालं. ती पोरगी कुठं गेली ते मला दिसेना.

"सरळ घाल," मी म्हटलं.

"दक्षिण हाय."

"मले काय डोळे नाहीत? दक्षिणेचं मी पाहीन. तू पोरं पाहा."

तिनं सरळ घातली. चाकं फरशीवरून गेली. भिंत जवळ आली, अजून जवळ आली, थांबली. हात-ब्रेक. गिअर. चावी. आवाज बंद झाला अन् मागची रिक्षा, हातगाडा, पोरं, सगळी आपापली निघून गेली. आम्ही कोणाच्याच वाटेत नव्हतो. वलीभाई दुकानातून म्हणाला, "माई, अब बैठो आराम से. शाम तक कोई हॉर्न नहीं मारेगा."

शकुननं मला उतरवून घेतलं. तीन वर्षांनी तिच्या घरात पाय ठेवला. एक खोली, मागे चूल-मोरी. खाटेवर विहीण. हाडांची झाली होती बाई. तिनं मला ओळखलं, तोंडाचा अर्धा भाग हसला. मी तिच्याजवळ बसले, हात धरला, काय वाईट बोलू तिला. शकुननं भाकर टाकली, वांग्याची भाजी केली. आम्ही जेवलो. मी विचारलं, "कशी हाय तू?" शकुननं खाटेकडे पाहिलं अन् म्हणाली, "बरी हाय माय."

एवढ्या दूर येऊनही तेच. फोन अन् मी, काही फरक नव्हता. तासभर गेला. विहिणीला पाणी हवं, कूस बदलायची, उशी सरकली, माशी बसली. शकुन उठत होती, बसत होती. रूपाली भिंतीला टेकून सगळं पाहत होती. मग ती एकदम म्हणाली, "ताई, गाडीत शेंगा राहिल्या. तुमी अन् आत्याबाई घेऊन या. मी बसतो यांच्याजवळ."

"मी आणतो, मायले कायले त्रास," शकुन म्हणाली.

"त्यांनाच ठाऊक हाय कुठं ठेवल्या," रूपाली म्हणाली. मला काही ठाऊक नव्हतं. मी उठले.

मी गाडीत बाजूच्या खुर्चीत बसले. शकुन दाराशी उभी राहून मागे वाकून गाठोडं शोधू लागली. मी म्हटलं, "ये, बस इथं."

"चालवायच्या जागी?"

"बंद हाय. खात नाही तुले."

ती बसली. पदर सावरला. दोन्ही हात स्टेअरिंगच्या चाकावर ठेवले, आधी हळूच, मग घट्ट. समोर भिंत होती, तिच्यावर पोपडे उडालेला निळा चुना. ती त्या भिंतीकडे असं पाहत होती की जणू रस्ता आहे. मी माझ्या बाजूची काच वर घेतली. तिनं तिच्या बाजूची घेतली. गल्लीचा आवाज बारीक झाला. गाडीत तुरीच्या हिरव्या शेंगांचा वास होता.

माझ्या जिभेला लोक भितात, पण त्या वेळी मला वाटलं, मी काही बोलले तर ही म्हणेल, बरी हाय.

"माय," ती म्हणाली. "मले इथं कोनाशीच बोलता येत नाही."

"हं."

"आमच्या आत्याबाई, सासू म्हणून वाईट नाहीत. पण मी रातदिवस त्यांच्यासमोर असतो. मले रडायचं असलं तर मी कांदे चिरतो."

मी तिचा हात चाकावरून काढला नाही. माझा हात त्यावर ठेवला. ती सांगू लागली. दोन वर्षांपूर्वीपासून सुरू केलं तिनं, मागचं पुढचं, पुढचं मागचं, मध्येच हसली, एकदा नाक पदराला पुसलं. काय काय बोलली ते मी इथं सांगणार नाही. ते तिचं आहे, अन् माझं.

घरातून विहिणीची हाक आली. जड जिभेची, पण मला कळली. शकुनची पाठ ताठ झाली. तेवढ्यात रूपालीचा आवाज आला, "आली वो, मी देतो पानी." शकुन दाराच्या कडीवर हात ठेवून थांबली, अन् पुन्हा टेकून बसली.

ऊन भिंतीवरून वर सरकलं. अंधार पडायच्या आत रूपालीला हायवे सोडायचा होता, ते मला माहीत होतं. ती दारात आली. आम्हाला काचेतून पाहिलं. हाताची पाच बोटं वर केली, पाच मिनिटं, अन् आत गेली.

शकुनची पाठ तिकडे होती, तिला बोटं दिसली नाहीत. पावलं तेवढी ऐकू आली.

"काय म्हणे रूपाली?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "म्हणे, बसा. सांग तू पुढे."